बाथ बॉम्बला रंग कोणता? घरगुती प्रश्नाचा संशोधनप्रश्न कसा होतो



दिवाळीच्या सुमारास कॉलेजच्या स्टॉलवर किंवा सोसायटीच्या प्रदर्शनात हल्ली उटण्याच्या पुड्यांशेजारी रंगीत बाथ बॉम्बही दिसतात. खाण्याचा सोडा, सायट्रिक ॲसिड, थोडं तेल, सुगंध आणि रंग घेऊन साच्यात दाबून केलेला गोळा. पाण्यात टाकला की फसफसतो. करायला सोपा, म्हणून घरोघरी केला जातो. आणि करणाऱ्या प्रत्येकाला एका टप्प्यावर हा प्रश्न पडतोच: रंग कोणता टाकू?

आजचा लेख याच प्रश्नावर आहे. एक तर हा रंग थेट अंगावर येतो, त्यामुळे तो विचार करून निवडायला हवा. दुसरं म्हणजे, तुमच्यापैकी बरेच जण नेट, सेट किंवा पेटची तयारी करत आहात. लवकरच कोणीतरी तुम्हाला विचारणार आहे, "तुमचा संशोधनप्रश्न नक्की काय?" त्याचा सराव करायला हे उदाहरण चांगलं आहे. सगळं सामान घरात मिळतं आणि रसायनशास्त्र बारावीच्या पलीकडे फारसं जात नाही.

आधी प्रश्न फोडा

"कोणता रंग चांगला?" याला उत्तर नाही, कारण "चांगला" हे मोजता येत नाही. मग मोजता येईल असं काय आहे? रंग प्रवासात कुठे कुठे जातो ते बघा. आधी तो कोरड्या गोळ्यात असतो. मग पाण्यात उतरतो. मग अंगाला लागतो. शेवटी बादलीला, टबला, फरशीच्या फटींना आणि टॉवेलला लागतो.

पहिल्या दोन ठिकाणी तो दिसायला हवा, पुढच्या दोन ठिकाणी राहायला नको. म्हणजे एका प्रश्नाचे आता चार प्रश्न झाले:

१. गोळ्यात महिनाभर रंग टिकतो का?
२. पाण्यात तो विरघळतो, तरंगतो की तळाशी बसतो?
३. त्वचेला चिकटतो का, आणि त्वचेला चालतो का?
४. धुतल्यावर निघतो का?

या चारही प्रश्नांना "हो", "नाही" किंवा एखादा आकडा असं उत्तर देता येतं. सिनॉप्सिस लिहिताना हेच करायचं असतं.

गोळ्याच्या आत काय चाललंय

रंग कुठल्या वातावरणात राहणार हे कळल्याशिवाय तो निवडता येणार नाही. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. त्याचे ३ मोल निर्जल सायट्रिक ॲसिडच्या १ मोलशी पूर्ण अभिक्रिया करतात. वजनात सांगायचं तर २५२ ग्रॅम सोड्याला १९२ ग्रॅम ॲसिड, म्हणजे सुमारे १.३ ला १.

घरगुती कृतीत मात्र प्रमाण बहुधा २ ला १ असतं. समजा २०० ग्रॅम सोडा आणि १०० ग्रॅम ॲसिड घेतलं. ॲसिड साधारण १३१ ग्रॅम सोडा संपवेल आणि ६९ ग्रॅम सोडा तसाच उरेल. त्यामुळे फसफस थांबून कार्बन डायऑक्साइड निघून गेल्यावर पाणी किंचित अल्कधर्मी होतं. सामू, म्हणजे पीएच, ८ च्या आसपास जातो.

आता गंमत बघा. कोरड्या गोळ्यात ॲसिडचे कण आणि सोड्याचे कण शेजारी शेजारी बसलेले असतात. हवेतला ओलावा आत शिरला की ॲसिडच्या कणाभोवती सामू खूप खाली येतो, तर हाताच्या अंतरावर नव्हे, अगदी केसभर अंतरावर सोड्याजवळ तो वर असतो. म्हणजे रंगाला एकाच गोळ्यात दोन्ही टोकं सोसावी लागतात. जुलैमध्ये मुंबईत किंवा रत्नागिरीत केलेला गोळा आणि मेमध्ये सोलापुरात केलेला गोळा यांची कृती एकच असली तरी ओलावा वेगळा असतो. संशोधनाच्या भाषेत हा नियंत्रणात न ठेवलेला चल. निदान वहीत त्या दिवसाची आर्द्रता तरी लिहून ठेवा.

रंजक आणि रंगद्रव्य यांतला फरक

बाजारात सगळ्याला "कलर"च म्हणतात. आपण मात्र दोन गट पाडायचे. पाण्यात विरघळतो तो रंजक. विरघळत नाही, नुसते बारीक कण पसरतात ते रंगद्रव्य. निवडीचा अर्धा निकाल इथेच लागतो.

*पाण्यात विरघळणारे रंजक.* टार्ट्राझिन (पिवळा), ब्रिलियंट ब्लू एफसीएफ (निळा) ही ओळखीची नावं. पाणी स्वच्छ, पारदर्शक रंगाचं होतं आणि तळाशी गाळ बसत नाही. मात्र रंग द्रवरूपात घेऊ नका. त्यातलं पाणी गोळ्यातली अभिक्रिया साच्यातच सुरू करतं आणि गोळा फुगतो. पूड वापरलेली बरी.

*लेक.* हे नाव ऐकून तळं आठवेल, पण त्याचा इथे संबंध नाही. विरघळणारा रंजक ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडसारख्या पांढऱ्या पुडीवर पक्का बसवला की लेक तयार होतो. साधारण ४ ते ९ सामूच्या मर्यादेत तो पाण्यात सुटत नाही, नुसता पसरतो. पण ओलसर ॲसिडच्या कणाजवळ सामू ४ च्या खाली गेला की रंजक सुटू लागतो आणि गोळ्यावर गडद ठिपके उठतात. ठिपके दिसले की रंगाला दोष देण्याआधी डबा हवाबंद होता का ते बघा.

*अभ्रक, म्हणजे मायका.* अभ्रकाच्या पातळ पत्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा किंवा लोहाच्या ऑक्साइडचा थर दिलेला असतो, म्हणून ती चमक. हे पत्रे विरघळत नाहीत. गोळ्यात तेल असेल तर ते तेलाबरोबर वर येतात आणि टबच्या काठाला चमचमती कड बसते. त्यासाठी पॉलिसॉर्बेट ८० सारखा पायसीकारक घालतात. तो तेल आणि कण पाण्यात पसरवून ठेवतो. काही मायकांमध्ये रंगासाठी प्रशियन ब्लू असतो, तो अल्कधर्मी परिसरात फिका पडतो. म्हणून डब्यावर नुसतं "ब्लू मायका" वाचून थांबू नका, घटक वाचा.

*लोहाचे ऑक्साइड.* गेरूच्या कुटुंबातले रंग. आम्ल असो की अल्क, हे हलत नाहीत. पण जड असतात, तळाशी बसतात आणि टाइल्सच्या फटीत शिरले की घासत बसावं लागतं.

*अल्ट्रामरीन.* कपड्यांच्या पुडीतल्या पारंपरिक निळीचा हा रंग. अल्कात छान टिकतो, आम्लात मात्र मोडतो. त्याच्या रचनेत गंधक अडकलेलं असतं. आम्ल भेटलं की हायड्रोजन सल्फाइड बाहेर पडतो आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. सायट्रिक ॲसिड असलेल्या गोळ्यात, ओलावा शिरल्यावर, हा वास येऊ शकतो. साबणात उत्तम चालणारा रंग बाथ बॉम्बमध्ये का फसतो, याचं हे सोपं उदाहरण. साबण अल्कधर्मी असतो, तिथे प्रश्नच येत नाही. एका प्रणालीत मिळालेला निष्कर्ष दुसरीकडे उचलून नेताना परिस्थिती तीच आहे का हे तपासायचं, ते यासाठी.

"मग नैसर्गिकच टाकू ना!"

हे वाक्य हमखास येतं. चला, स्वयंपाकघरातले डबे उघडूया.

हळद घ्या. तिच्यातला कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणजे हळदीची पूड पाण्यात पसरेल आणि थोड्या वेळाने तळाशी बसेल. शिवाय तो सामूप्रमाणे रंग बदलतो. हे तुम्हाला आधीपासून माहीत आहे: हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो. हळदीला चुन्याची किंवा टाकणखाराची जोड देऊन कुंकू करतात तेही याच गुणावर. बाथ बॉम्बच्या पाण्यात तो पिवळ्याकडून नारिंगीकडे किती सरकेल हे सामू नेमका किती त्यावर ठरतं. टॉवेलवर लागलेली हळद धुताना साबणात लाल होणार हे नक्की. उन्हात वाळवला की डाग फिका पडतो, कारण कर्क्युमिन प्रकाशात टिकत नाही. आणि याच कारणाने काचेच्या बरणीत ठेवलेला हळदीचा गोळाही फिका पडतो.

जास्वंद, कोकम, लाल कोबी यांच्यातले लाल-जांभळे रंग अँथोसायनिन गटातले. आम्लात लाल, अल्काकडे जाताना जांभळट, निळसर, मग हिरवट. गुलाबी गोळा करायला जाल आणि पाण्यात मळकट निळसर छटा मिळेल. गोकर्णाच्या फुलांचा निळा त्या मानाने बरा तग धरतो.

बीटची पूड सुरुवातीला सुंदर दिसते. पण तिच्यातला बेटानिन अल्क, उष्णता आणि प्रकाश या तिघांनाही कंटाळतो आणि पिवळट-तपकिरी होत जातो.

यावरून नैसर्गिक रंग टाकाऊ ठरत नाहीत. हळद उटण्यात शतकानुशतकं आहे, कारण तिथे ती कोरडी असते, लगेच लावली जाते, लगेच धुतली जाते, आणि थोडी पिवळी झाक राहिली तर हवीच असते. "नैसर्गिक की कृत्रिम" या जोडीतून तुम्हाला वरच्या चारपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर मिळत नाही, एवढंच लक्षात घ्या.

किती टाकायचा?

इथे थोडं गणित करू. ब्रिलियंट ब्लूचा रेणुभार सुमारे ७९३. ६३० नॅनोमीटरच्या आसपास त्याचा मोलर शोषणांक साधारण १,३०,००० लिटर प्रति मोल प्रति सेंटिमीटर. समजा गोळ्यात शुद्ध रंजक फक्त १० मिलिग्रॅम आहे.

२० लिटरच्या बादलीत तो टाकला तर दर सेंटिमीटरला शोषण सुमारे ०.०८ येतं. पाणी २५ सेंटिमीटर खोल असेल तर एकूण शोषण २ च्या जवळ, म्हणजे त्या तरंगलांबीचा जेमतेम १ टक्का प्रकाश तळापर्यंत पोचतो. पाणी चांगलंच निळं दिसेल. तोच गोळा १५० लिटरच्या टबमध्ये टाकला तर ३० सेंटिमीटर खोलीला शोषण ०.३३ च्या आसपास, म्हणजे सुमारे ४७ टक्के प्रकाश आरपार. फिकट निळी झाक.

या आकड्यांतून दोन गोष्टी निघतात. इंटरनेटवरच्या बऱ्याच कृती टब गृहीत धरून लिहिलेल्या असतात आणि आपल्याकडे बहुतेक घरांत बादली असते. तेच प्रमाण उचललं तर रंगाची तीव्रता साडेसातपट होते, आणि अंगाला लागण्याची शक्यताही त्याबरोबर वाढते. दुसरं, १० मिलिग्रॅम स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजता येत नाही, तो १ ग्रॅमच्या खाली जात नाही. "चिमूटभर" हे माप तर प्रत्येक बोटाला वेगळं.

यावर प्रयोगशाळेतली युक्ती वापरा. १ ग्रॅम रंग आणि ९९ ग्रॅम खाण्याचा सोडा यांचं मिश्रण करून ठेवा. मात्र एकदम मिसळू नका. आधी १ ग्रॅम रंगात १ ग्रॅम सोडा खलात घोटा, मग त्यात २ ग्रॅम, मग ४, मग ८, असं दुप्पट करत जा, म्हणजे रंग सगळीकडे सारखा पसरतो. आता या मिश्रणाच्या १ ग्रॅममध्ये १० मिलिग्रॅम रंग आहे. एक सूचना: दुकानातल्या खाद्यरंगाच्या पुडीत रंजकाबरोबर मीठ किंवा साखरेसारखा भराव असू शकतो. लेबलवर रंजकाचं प्रमाण असेल तर त्यानुसार हिशोब बदला.

कुठल्या डब्यातला?

एकच रसायन वेगवेगळ्या शुद्धतेत मिळतं. हार्डवेअरच्या दुकानातलं रेड ऑक्साइड आणि सौंदर्यप्रसाधनांसाठीचा लोहाचा ऑक्साइड दिसायला सारखेच. फरक सोबत आलेल्या अशुद्धींचा. भारतातल्या सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांनुसार त्यात वापरायच्या सेंद्रिय रंगांत आर्सेनिक दशलक्ष भागांत २, शिसं २० आणि शिशाखेरीज इतर जड धातू मिळून १०० भागांपेक्षा जास्त असता कामा नयेत. कोणते रंग चालतात याची यादी भारतीय मानक ४७०७ च्या पहिल्या भागात आहे. फरशीचा रंग, कपड्यांची नीळ, रांगोळीचा रंग किंवा होळीचा सुटा रंग यांना ही चाळणी लागलेली नसते. म्हणून ते या कामाला बाद.

हळदीलाही हा नियम लावा. सुट्या हळदीत मेटॅनिल यलो किंवा शिसं असलेला लेड क्रोमेट मिसळल्याची प्रकरणं आपल्या देशात आढळलेली आहेत. "स्वयंपाकघरातली आहे" हे शुद्धतेचं प्रमाणपत्र नव्हे.

आणखी एक बारकावा. अमेरिकेच्या नियमांत अल्ट्रामरीनला बाहेरून लावायच्या प्रसाधनांत परवानगी आहे, पण ओठ आणि श्लेष्मल त्वचा त्यातून वगळलेली आहे. टबमध्ये तर माणूस अख्खा बसतो. म्हणजे "कॉस्मेटिक ग्रेड" एवढे दोन शब्द पुरेसे नाहीत. शरीराच्या कुठल्या भागासाठी, हेही विचारायला हवं.

आता प्रयोग मांडा

पहिली चाचणी, तीन पेल्यांची. एकात साधं पाणी, एकात सोड्याचं, एकात सायट्रिक ॲसिडचं. तिन्हींत सारखाच रंग टाका. दर पाच मिनिटांनी अर्धा तास फोटो काढा, उजेड आणि पार्श्वभूमी तीच ठेवून. सामूचा परिणाम इथेच दिसून जाईल आणि गोळे वाया जाणार नाहीत.

दुसरी चाचणी, डागांची. इथे बहुतेक जण सुती कापड घेतात. पण टार्ट्राझिन, ब्रिलियंट ब्लू हे आम्ल-रंजक गटातले. ते लोकर, रेशीम अशा प्रथिनांच्या तंतूंना धरतात, सुताला फारसे नाही. आपली त्वचा, नखं, केस प्रथिनांचेच. म्हणून सुती तुकड्यावरून टॉवेलचं उत्तर मिळेल, त्वचेचं नाही. पांढऱ्या लोकरीचा किंवा रेशमाचा धागाही ठेवा. आणि सोबत पांढऱ्या टाइलचा तुकडा.

तिसरी चाचणी, टिकण्याची. प्रत्येक रंगाचे तीन गोळे, शिवाय बिनरंगाचे तीन. हे बिनरंगी गोळे म्हणजे तुमचा नियंत्रण संच. तेही फुगले तर दोष रंगाचा नाही, ओलाव्याचा. एका वेळी एकच गोष्ट बदला: रंग बदलताना तेल आणि सुगंध तेच. नंबर दुसऱ्या कोणाला तरी टाकायला सांगा आणि कुठला नंबर कुठल्या रंगाचा हे न बघता गुण द्या. स्वतः आवडीने निवडलेल्या रंगाला आपण नकळत झुकतं माप देतो.

माणसांवर येण्याआधी

पाण्यात मिसळलेला थोडा रंग कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघणं, हे स्वतःपुरतं ठीक आहे. त्यातून "मला चालला" एवढंच कळतं. इसब असलेल्या किंवा लहान मुलांच्या त्वचेबद्दल त्यातून काहीच सांगता येत नाही.

आणि "मैत्रिणींना वापरायला देते, कसं वाटलं ते विचारते, त्याचाच पेपर करते" असा बेत असेल तर तिथे थांबा. माहिती गोळा करायच्या हेतूने दुसऱ्याच्या अंगावर काही लावणं म्हणजे मानवी सहभागावरचं संशोधन. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की त्यासाठी आधी नीतिमत्ता समितीची मान्यता आणि सहभागी व्यक्तीची माहितीपूर्वक संमती लागते. विषय साधा आहे, वस्तू घरगुती आहे, म्हणून यातून सुटका नाही. विकायला काढणार असाल तर उत्पादनाचा परवानाही लागतो.

मग शेवटी काय निवडायचं?

घरच्या बादलीसाठी माझी निवड अशी: पाणी रंगीत हवं असेल तर सौंदर्यप्रसाधनांसाठी मान्य असलेला विद्राव्य रंजक, १० मिलिग्रॅमच्या आतच. गोळा बाहेरून रंगीत दिसायला हवा असेल तर लेक, तोही हवाबंद डब्यात. चमक हवी असेल तर मायका फक्त वरून भुरभुरवून, तेल कमी करून. हळद उटण्यासाठी राखून ठेवा. घरात तान्हं बाळ किंवा नाजूक त्वचेचं कोणी असेल तर रंगच नको. गोळा तितकाच फसफसेल.

तुमचं उत्तर वेगळं येऊ शकतं, कारण तुमचं पाणी, हवा आणि गरज वेगळी आहे. या आठवड्यात तीन पेल्यांची चाचणी करा. वहीच्या पहिल्या पानावर प्रश्न एका वाक्यात लिहा. काय बदललं, काय तेच ठेवलं आणि काय मोजलं, या तीन गोष्टी त्या वाक्यात आल्या तर समजा, संशोधनप्रश्न जमला.